बाबांना दिसणारे ढेकूण

मुलुंडला आमच्या बिल्डिंगमध्ये ढेकूण नसलेलं घर नव्हतं. सगळ्यांच्याच भिंतींवर अंगठ्यानं चिरडलेल्या ढेकणांचे तपकिरी फराटे असायचे. त्यामुळे लाज अशी कुणाला फारशी वाटत नसे. बाबांना मात्र वाटायची. घरी आलेला माणूस खुर्चीत बसल्या बसल्या मांडी खाजवायला लागला की बाबांचा चेहरा पडायचा.

बाबा कांजूरमार्गच्या एका कारखान्यात फिटर होते. बोलणं कमी, हाताला काम जास्त. रिटायर झाल्या झाल्या त्यांनी आईला सांगितलं, "आता या घरात एकतर ढेकूण राहतील, नाहीतर मी."

आई हसली. "मग तुमची बॅग भरू का?"

ते खरंच मागे लागले. लोखंडी पलंगाचे नट काढून त्यांनी तो सुटा केला आणि एकेक तुकडा गच्चीवर नेला. आई स्टोव्हवर पाण्याची पातेली उकळायची, मी ती जिन्यानं वर पोचवायची, आणि बाबा पलंगाच्या पोकळ नळ्यांमध्ये ते पाणी हळूहळू ओतायचे. दुसऱ्या टोकानं ढेकूण वाहत बाहेर पडत. ते बघून बाबांना झालेला आनंद मी त्यांच्या पगारवाढीच्या दिवशीही पाहिला नव्हता. गाद्या उन्हात टाकल्या. कॅलेंडरं, आजोबांचा फोटो, घड्याळ, सगळं भिंतीवरून उतरलं. देवसुद्धा ताटात काढून ठेवले आणि देव्हाऱ्याच्या सांध्यांत बाबांनी कोंबडीच्या पिसानं रॉकेल फिरवलं. मी तेव्हा घाटकोपरला एका ऑफिसात टायपिस्ट होते. माझे ओळीनं कितीतरी रविवार या कामात गेले. शेवटी भिंतींच्या भेगा रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवून बाबांनी घराला चुना काढला.

आणि ढेकूण गेले. खरोखर गेले. आईनं मुद्दाम पांढरीशुभ्र चादर पलंगावर घातली. सकाळी त्यावर एक डाग नसायचा. बाबांनी मजल्यावरच्या सगळ्यांना चहाला बोलावलं आणि प्रत्येकाला आग्रहानं पलंगावरच बसवलं. "बसा, बसा, बिनधास्त बसा."

पाऊस सरून थंडी लागली तेव्हाची गोष्ट. शनिवारी मी अर्ध्या दिवसानं घरी आले तर बाबा पलंगावर ओणवे होऊन चादरीवर अंगठा दाबत होते.

"काय झालं बाबा?"

"परत आले. हा बघ."

मी वाकून पाहिलं. चादर कोरी होती. सुतळीचा धागाबिगा दिसला असेल म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. बाबांनी पुन्हा पलंग सोडवला, पुन्हा पाणी उकळायला लावलं. नळ्यांतून नुसतं स्वच्छ पाणी बाहेर पडलं, तरी ते बोट दाखवून म्हणत राहिले, "बघ किती! बघ किती!"

मागे वळून पाहता इतर गोष्टीही होत्या. भाजी आणायला गेलेले बाबा रिकामी पिशवी घेऊन परत यायचे. नळ उघडा राहायचा. माझ्या नावाऐवजी आत्याच्या नावानं हाक मारायचे. आम्ही म्हणायचो, वय झालं. डॉक्टरांनी तपासलं आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथं सांगितलं की मेंदू थकत चाललाय, औषधानं फार फरक पडणार नाही.

मला ते पटत नव्हतं. मला वाटायचं, नीट समजावलं तर कळेल. मी त्यांच्यासमोर चादर झटकायचे, भिंग आणून त्यांच्या हातात द्यायचे. "बाबा, दाखवा मला. कुठं आहे?" ते माझ्याकडे अशा नजरेनं बघायचे, जणू मीच त्यांना फसवतेय. "तुका दिसत नाय?" म्हणायचे. मन थकलं तसे ते गावच्या मालवणीत जास्त बोलायला लागले होते.

आई तसलं काही करत नसे. ती पितळेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यांच्याजवळ बसायची. बाबा चिमटीत काहीतरी धरून त्या पाण्यात सोडायचे. ती भांड्यात डोकावून म्हणायची, "आज कमी आहेत हो. कालच्यापेक्षा बरेच कमी." मग ते पाणी मोरीत ओतून यायची. बाबा शांत होत.

स्वयंपाकघरात मी तिला म्हटलं, "आई, त्यात काही नाहीये."

"मला दिसतं ना. डोळे आहेत मला."

"मग कशाला हो म्हणतेस?"

"एवढं घर आहे आपलं," ती म्हणाली, "त्यात त्यांना एकट्यालाच ढेकूण दिसायचे? मी तरी असू दे बरोबर."

आईचे केस गुडघ्यापर्यंत होते. शिकेकाईनं न्हाली की ती गॅलरीत केस मोकळे सोडून बसायची. बाबा तिथंच पेपर वाचत बसत आणि ऊन सरकलं की न बोलता आपली खुर्ची मागे घेत, त्यांची सावली तिच्यावर पडू नये म्हणून. बायकोचं कौतुक तोंडानं करणाऱ्यातले ते नव्हते. एवढंच काय ते.

एके दिवशी तिनं चहाचा कप पुढे केला तर ते भिंतीशी सरकले.

"लांब रहा. तुझ्या केसांतून गळतायत."

आई आधी हसली. मग तिला कळलं की हे वेगळं आहे. तिनं केस धुतले, कडुलिंबाच्या पाण्यानं धुतले, शेवटी केसांना रॉकेल चोपडून डोक्याला फडकं बांधून बसली. घरभर वास. मग त्यांच्यासमोर पाठ करून बसली आणि म्हणाली, "घ्या, तुम्हीच बघा." बाबा केस विंचरत राहिले, चिमटीत धरून काही काही काढत राहिले, आणि काढता काढता रडायला लागले. "संपत नाय गो. लांब जा. माझो जीव जातलो."

त्या दिवसापासून ते तिच्या हातचं पाणी घेईनात. ती खोलीत आली की उठून जिन्यात जाऊन बसायचे. मी ऑफिसला गेले की दिवसभर त्यांना घास भरवणारं कुणी नसे. ते खंगत चालले. आई दाराआडून बघायची. लग्न झाल्यापासून या माणसापासून ती माहेरपणाचे दिवस सोडून कधी दूर राहिली नव्हती, आणि आता एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायला त्याची परवानगी नव्हती.

रविवारी दुपारी तिनं मला गॅलरीत बोलावलं. पाटावर बसली होती. हातात माझी शिवणाची कात्री.

"काप," म्हणाली.

"आई, वेडी झालीस का?"

"वेडं व्हायला घरात एक माणूस पुरे आहे. काप तू. माझ्या हातानं वाकडंतिकडं होईल."

मी वेणी हातात घेतली. ती इतकी जड होती की कात्री सरळ चालेना, एकेक बट वेगळी करून कापावी लागली. आईनं मान हलवली नाही. मीच हुंदके देत होते. शेवटची बट पडल्यावर तिनं मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "हलकं वाटतं गं." मग पदर डोक्यावरून घेऊन केर काढायला उठली.

मामाला कळलं तेव्हा तो भांडुपहून तडक आला. "नवरा जिवंत असताना केस कापलेस? लोक काय म्हणतील?"

"नवरा जिवंत राहावा म्हणूनच कापले," आई म्हणाली. तो चहा न घेता गेला.

पण केस कापले ती दुपार मला सांगायची आहे. केर भरून झाल्यावर आईनं हात धुतले, पेजेचं ताट वाढलं आणि बाबांसमोर जाऊन उभी राहिली. बाबांनी तिच्याकडे बघितलं. ते सरकले नाहीत, उठले नाहीत. मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. बाबांनी ताट घेतलं आणि अदबीनं विचारलं, "बाई, तुम्ही कोण?"

आई म्हणाली, "अहो, मी."

ते गोंधळले. इकडे तिकडे बघायला लागले. "आमची बायल खंय गेली?"

आईनं पदर पुढे ओढून घेतला. मग म्हणाली, "मी शेजारची. तुमच्या बायकोनं पेज पाठवलीय. खाऊन घ्या."

त्यांनी सगळी पेज खाल्ली. बऱ्याच दिवसांनी.

ढेकूण तेव्हापासून त्यांना कधीच दिसले नाहीत. ते शांत झोपायचे, खायचे, अंगावर मांस आलं. आई त्यांना न्हाऊ घालायची, त्यांची दाढी करायची, आणि ते दर वेळी म्हणायचे, "तुमका त्रास देतंय बाई." आधी मी चिडायचे, त्यांना सांगायला बघायचे की ही आईच आहे. पण ते ऐकलं की ते घाबरेघुबरे होत आणि मग तास न् तास रडत. आईनंच मला बंदी केली.

एकदा मी आत कपड्यांच्या घड्या घालत होते. बाबांचा आवाज आला.

"बाई, एक विचारू? तुम्हाला ती दिसली कुठं तर सांगाल?"

"सांगीन की."

"मी तिला वाईट बोललो. तिच्या केसांत ढेकूण आहेत म्हटलं. म्हणून गेली ती." मग हळूच, "ढेकूण नव्हते हो तिच्या केसांत. केस चांगले होते तिचे."

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. आईचा आवाज मात्र स्थिर होता. "रागावलेली नाहीये ती. मला भेटली होती बाजारात. म्हणाली, त्यांना सांगा वेळेवर जेवा."

"येईल?"

"येईल ना."

मी आईला म्हटलं, "वाढव केस. ओळखतील तुला." तिलाही वाटत असणार. मानेवर केस रुळायला लागले की ती आरशात बघत उभी राहायची. पण दर वेळी परत माझ्यासमोर कात्री घेऊन बसायची. "मी आले, की ढेकूणही येतील," म्हणायची. "त्यांना आता सुखानं झोप लागतेय. असू दे."

पुढच्या वर्षी बाबांना न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलात आई स्टुलावर बसून राहिली होती, त्यांचा हात हातात घेऊन. सकाळी नर्स सलाईन बदलायला आली तेव्हा बाबांनी डोळे उघडले. तिला म्हणाले, "या बाई फार चांगल्या. यांना घरी जाऊ द्या. यांची माणसं वाट बघत असतील."

आई उठून व्हरांड्यात गेली. मी मागोमाग गेले तर ती कठड्याला धरून उभी होती. रडत नव्हती. थोड्या वेळानं आत येऊन पुन्हा स्टुलावर बसली. बाबा दुपारी गेले.

दिवसकार्य आटोपून पाहुणे पांगल्यावर आम्ही दोघी जमिनीवर चटई टाकून पडलो होतो. आईनं मला विचारलं, "शेवटच्या दिवशी तरी सांगायला हवं होतं का गं मी, की मी आलेय म्हणून?"

मी नाही म्हटलं. तिला बरं वाटावं म्हणून म्हटलं. तिनं छताकडे बघत "हं" केलं आणि कूस बदलली.