काळी पडलेली गुंडाळी

शनिवार, सात फेब्रुवारी, संध्याकाळी पाच. शारजा, प्रभुण्यांचा हॉल. हजर : मालतीकाकू, देशपांडे पतीपत्नी, माझी मुलगी आर्या आणि मी. गैरहजर : प्रभुणेकाका. सवयीने लिहून गेले, मग खोडवेना... काकांना जाऊन पाच आठवडे झाले होते.

काका औद्योगिक क्षेत्रातल्या एसी डक्टच्या वर्कशॉपमध्ये स्टोअर सांभाळायचे. उरलेला जीव चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकात. राणीच्या दरबारातले खेळ जणू मागच्या आठवड्यात पाहून आलेत, असं बोलायचे. त्यावर त्यांनी स्वतः मराठीत नाटक लिहिलं : एक नाटकमंडळी दरबारात खेळ करायला येते आणि खेळ आधी वाचून मंजूर करणारा अधिकारी तिला अडवतो. अधिकारी अर्थातच काका. पूर्ण प्रत मात्र कुणालाच दिली नाही, स्वतःकडेही ठेवली नाही. त्या काळी नटाला कागदाच्या गुंडाळीवर फक्त स्वतःची वाक्यं मिळायची आणि प्रत्येकाआधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. काकांना तसंच हवं होतं. मी म्हटलं, "काका, एक मास्टर कॉपी ठेवू या, पीडीएफ करते." "पीडीएफ आली की खलास! सगळे स्वतःचं वाचणार. दुसऱ्याचं ऐकणार कोण?"

आर्या राणी होती. ती इथेच वाढलेली. मराठी ऐकते, उत्तर इंग्रजीत. "बट काका, आय डोन्ट इव्हन नो द स्टोरी!" "कान उघडे ठेव, हबीबी. गोष्ट आपोआप येईल." तीन महिन्यांनी घरी जेवताना ती माझं वाक्य पुरं होईपर्यंत थांबायला लागली. सोळा वर्षांत मला हे जमलं नव्हतं. आणि मला त्यांनी प्रवेशांची यादी पुठ्ठ्यावर लिहून खिळ्याला टांगायला सांगितली : कोण आत, कोण बाहेर, हातात काय. "सुनंदा, त्या मंडळींच्या पडद्यामागेही असाच पुठ्ठा असायचा. ऑफिसात तुझ्या याद्यांना हसतात ना? सांग त्यांना, चारशे वर्षांचा धंदा आहे." त्याआधी माझ्या याद्यांचं कौतुक कुणी केलं नव्हतं.

खेळ मार्चअखेर आहे, म्हणून त्या शनिवारी गुंडाळ्या गोळा केल्या. सगळ्यांच्या मिळाल्या, काकांची त्यांच्या गाडीत सापडली. गुंडाळ्यांना त्यांनी बिलाच्या मशीनचा कागद वापरला होता. तो उष्णतेने काळा पडतो, हे स्टोअर सांभाळणाऱ्याला ठाऊक हवं होतं... पण पाठ झाल्यावर त्यांनी आपली गुंडाळी डॅशबोर्डवर टाकली आणि उन्हाळाभर तिच्याकडे पाहिलंच नाही. काकूंनी ती जमिनीवर उलगडली. या टोकापासून त्या टोकापर्यंत काळी.

मग प्रत्येकाने आपल्या गुंडाळीतले काकांचे शेवटचे शब्द वाचले. ते ऐकले की मागचं वाक्य कुणाला तरी आठवे. देशपांडे प्रभुणेकाकांची नक्कल करत आणि काकू अडवत, "अहो, इतकं गुळमुळीत नाही बोलायचे ते!" साडेसातपर्यंत अधिकाऱ्याची सगळी भाषणं कागदावर आली. शेवटचं सोडून. तालमीत काका तेवढं गाळायचे : "हे खेळाच्या दिवशी." आर्याला पुढचं वाक्य घेता यावं म्हणून नुसता शेवट म्हणायचे. तिच्या गुंडाळीत तेवढाच आहे : "...उभ्यानेच बघेन मी."

म्हणजे अधिकारी खेळ मंजूर करतो. का करतो, ते काळ्या कागदात गेलं.

"अधिकारी मी करते," काकू म्हणाल्या. "बावीस वर्षं ऐकतेय त्यांचं. भाषण तू लिही, सुनंदा." मी म्हटलं, मी याद्या लिहिते, भाषणं नाही. आर्या मराठीत म्हणाली, "आई, तू लिही. मी थांबेन."

पुठ्ठा अजून त्यांच्या हॉलमधल्या खिळ्यालाच आहे. सगळ्या प्रवेशांपुढे खुणा झाल्यात. 'अधिकाऱ्याचं शेवटचं भाषण' या ओळीपुढे अजून नाही.