मीठ विसरलेली मिठागरवाल्यांची पोर

तुमच्या पेशींमधला डीएनए ह्या घडीला कुठेतरी आपली शिवण उसवतोय आणि लगेच परत घालतोय, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? नाही ना? मग सुकापूरच्या किशोरीला भेटा.

मिठागरवाल्या काशिरामची ही मुलगी. बापाची उरणकडची मिठागरं कधीच गेली. पोरगी भौतिकशास्त्रात पीएचडी करतेय. डीएनएचे दोन धागे म्हणजे तिच्या लेखी स्प्रिंगांनी बांधलेल्या मण्यांच्या दोन माळा. तापलं की मणी थरथरतात, मधला एखादा जोड सुटतो, शेजाऱ्यालाही सोडवतो आणि तिथे दोन माळांमध्ये फुग्यासारखी फट पडते. किती तापल्यावर सुटणार, ते तिचं गणित सांगतं.

सांगतं कसलं, सांगायला हवं होतं! दुसऱ्यांनी प्रयोगशाळेत केलेल्या प्रयोगात धागे ज्या तापमानाला सुटले, त्याच्या कितीतरी खालीच तिच्या संगणकावर सुटून मोकळे. प्रबंध द्यायची वेळ आलेली. मार्गदर्शक म्हणाले, "अगं, स्प्रिंग जराशी घट्ट कर. आकडा जुळेल. सगळेच करतात."

"सगळे करू देत, सर. का घट्ट केली असं कुणी विचारलं, तर काय तोंड दाखवू?"

सर चिडले. वर्ष गेलं तर गेलं, खोटा आकडा लिहिणार नाही, म्हणून ही अडून बसली. याला म्हणतात ताठ कणा! भल्याभल्यांना तो भाड्यानेही मिळत नाही.

मग तिने त्या प्रयोगाचं वर्णनच मुळापासून वाचलं आणि कपाळावर हात मारला. तिथले धागे खाऱ्या पाण्यात होते. तिच्या गणितातलं पाणी जवळजवळ गोडं. दोन्ही धाग्यांवर ऋण भार, म्हणून ते एकमेकांना ढकलतात. मिठातले धन भाराचे कण मधे पडले की भांडण निवतं, जोड टिकतो.

घरी तिच्या वेणूआत्याने हे ऐकलं आणि पदर तोंडाला लावला. "अगं बाय! मिठागरवाल्याची पोर, न् मीठच इसरली?"

"इसरली, आत्या. हस आता."

"हसू नाय तं काय? तुझा आजा असता तं तुला आगरावर उभी नसती केली!"

गणितात मीठ पडलं. स्प्रिंगला बोटही न लावता आकडे जुळले. प्रबंधात किशोरीने स्वतःची चूकसुद्धा ठसठशीत लिहिली, आणि प्रबंध दिल्यावर पहिला पेढा सरांनीच उचलला.

येत्या रविवारी गावच्या समाजमंदिरात ती हे सगळं आपल्या बोलीत समजावणार आहे. घरातल्या मुलींना घेऊन या, पुढच्या रांगेत बसा, हवं ते विचारा. फक्त एक मेहेरबानी करा, "लग्न कधी?" तेवढं विचारू नका.