संमतीपत्रातल्या तेरा चुका

छापखान्यात तिला सगळे लालमावशी म्हणायचे. एकतीस वर्षं तिने हातात लाल पेन घेऊन मुद्रितं तपासली. रस्त्यानेही ती दुकानांच्या पाट्या दुरुस्त करत चालायची, त्यामुळे तिच्याबरोबर कुठे वेळेवर पोचणं नवऱ्याला कधी जमलं नाही.

तिचे स्वतःचे डोळे पिवळे झाले, ते मात्र तिच्या नजरेतून सुटलं. सकाळी चहा पिताना नवराच म्हणाला, "डोळे पिवळे दिसतायत तुझे."

"दिव्याचा उजेड असेल."

"दिवा बंद आहे."

तपासण्या झाल्या आणि स्वादुपिंडाच्या डोक्याशी गाठ निघाली. कॅन्सरची. वेळेत सापडली होती, काढता येण्यासारखी होती, पण ऑपरेशन पोटातल्या मोठ्यातल्या मोठ्यांपैकी एक. सर्जनबाईंच्या खोलीत चार पानांचं संमतीपत्र पुढ्यात आलं. नवऱ्याने लगेच खिशातून पेन काढलं. तो दाखवाल तिथे सही करणाऱ्यांतला. लालमावशीनेही पेन काढलं, पण लाल.

वीस मिनिटांनी तिने कागद परत केला. तेरा चुका होत्या. तीन ऱ्हस्वदीर्घाच्या, बाकी किरकोळ, आणि एका जागी 'गुंतागुंत' या शब्दाची 'गुंतवणूक' झाली होती.

"'शस्त्रक्रियेनंतर गंभीर गुंतवणूक होण्याची शक्यता आहे,'" तिने वाचून दाखवलं. "ही कोणत्या बँकेत करायची?"

सर्जनबाई तोंडावर हात ठेवून हसल्या. "चार वर्षं हाच कागद देतोय. कोणी बोललं नाही."

"म्हणजे सगळे न वाचताच पोट उघडायला देतात? बरं, छापलेलं राहू द्या. खरं काय होऊ शकतं ते सांगा."

सर्जनबाईंनी खुर्ची जवळ ओढली आणि कागदाच्या पाठीवर चित्र काढलं. गाठीबरोबर आतड्याचा तुकडा, पित्ताची पिशवी, पित्तनळीचा भाग काढायचा आणि उरलेलं तीन जागी पुन्हा जोडायचं. "त्यातला हा जोड त्रासदायक. स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ असतं, टाका नीट धरत नाही. शंभरातल्या पंधरा-वीस जणांचा तो गळतो. पोटात एक नळी ठेवून तिचं टोक बाहेर पिशवीत सोडतो, तिच्यातून येणाऱ्या पाण्यावरून कळतं. बहुतेकांचं आपोआप भरतं. काहींना जंतुसंसर्ग होतो, काहींना पुन्हा ऑपरेशनसाठी आत न्यावं लागतं."

"आणि घरी परत न जाणारे?"

"शंभरात दोन-तीन."

नवरा उठून खिडकीबाहेर पाहायला गेला. बाहेर फक्त पाण्याची टाकी होती.

"तुम्ही वर्षाला किती करता?"

"आमचं पथक चाळीसेक."

"आणि नाहीच केलं तर?"

"गाठ वाढेल. मग काढण्यासारखी राहणार नाही."

तिने सही केली. पण घरी जाताना बसमध्ये तिने एकही पाटी वाचली नाही. नवऱ्याने मुद्दाम एक चुकीची दाखवली, तरीही नाही. बऱ्याच वेळाने म्हणाली, "ते दोन-तीन जणही माझ्यासारखेच विचारून गेले असतील ना?" त्याने तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

ऑपरेशन सात तास चाललं आणि नीट पार पडलं. चौथ्या दिवशी ती कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारून आली. पाचव्या दिवशी सकाळी तिने नर्सला हाक मारली.

"नळीतलं पाणी काल फिकट गुलाबी होतं. आज राखाडी आहे, गढूळ."

"थोडा रंग बदलतोच, मावशी."

"थोडा नाही. अगं, दोन कागद शेजारी धरून फरक शोधण्यात माझा जन्म गेला."

नर्स पोरगी शहाणी. वाद न घालता नळीची पिशवी उजेडात धरून पाहिली आणि फोन लावला. पाणी तपासायला गेलं. जोड गळत होता. संध्याकाळी ताप चढला, पण तोवर औषध सुरू झालं होतं, नव्या तपासण्या झाल्या होत्या. पुन्हा आत न्यावं लागलं नाही. नळी मात्र पोटातच राहिली आणि पंधरा दिवसांनी तिच्यासकट लालमावशी घरी आली.

रक्त पाहून भोवळ येणारा तिचा नवरा रोज सकाळी ती पिशवी रिकामी करायला शिकला. पहिल्या दिवशी डोळे मिटून केलं, तेव्हा निम्मं फरशीवर गेलं. पिशवीवर तिने फुलाफुलांचं कापड शिवलं होतं. शेजारीण म्हणाली, "नवी पर्स का?"

"हो. पण आत हात घालू नकोस."

पाणी रोज कमी होत गेलं आणि एका आठवड्यात जवळजवळ थांबलं. नळी काढायला अर्धं मिनिट लागलं. अहवालात काढलेल्या भागाच्या कडा स्वच्छ निघाल्या होत्या, तिथे कॅन्सर दिसला नव्हता. आता काही महिने केमोथेरपी, मग पुन्हा तपासण्या. सर्जनबाई म्हणाल्या, "थोडं थोडं खा, पण खा."

नवरा बाहेर बेसिनपाशी बराच वेळ तोंड धूत उभा होता. ती भिंतीला टेकून थांबली, घाई केली नाही. मग दोघं समोरच्या उपाहारगृहात गेली. तिने अर्धा टोस्ट खाल्ला. उरलेला अर्धा त्याने, आपला संपवून, न विचारता उचलला.