पिंजऱ्याच्या कडीची गाठ

भिंगबाईंना कारखान्यात कुणी खऱ्या नावानं हाक मारल्याचं कुणालाच आठवत नाही. तीस वर्षं त्या तयार कपड्यांच्या तपासणीच्या टेबलावर होत्या. शिवण उसवली, काज वाकडं आलं, बटण जरा हललं, की कपड्यावर खडूची फुली पडलीच. शिवणाऱ्या बाया म्हणायच्या, ही वर गेली तरी आधी तिथल्या चादरी उलटून बघेल.

निवृत्तीनंतर टेबल सुटलं, नजर काही सुटली नाही. दुधाची पातळी, दाराची कडी, सुनेचा चेहरा, सगळं रोज तपासलं जायचं आणि वहीत उतरायचं. मुलगा ट्रक घेऊन आठवडाभर बाहेर, सून लॉन्ड्रीत इस्त्रीच्या कामाला, नात शाळेत. तपासायला माणसं थोडी आणि वेळ मात्र उदंड.

अशा घरात नातीचे दोन गिनीपिग आले. दोन्ही नर, सख्खे भाऊ, एक तपकिरी आणि एक पांढरा. मोठे होईपर्यंत गुण्यागोविंदानं राहिले. मग एका सोमवारी पांढऱ्याच्या ढुंगणापाशी रक्त दिसलं. नात रडायला लागली. भिंगबाईंनी चष्मा पुसला. दोन बारीक भोकं, अगदी शेजारी शेजारी, कात्रीच्या टोकानं पाडावीत तशी. त्यांच्या मनात पाल चुकचुकली. भाऊ भावाला चावेल, हे काही त्यांना पटेना. बारीक कात्री घरात कुणाकडे? सुनेकडे. आणि हे प्राणी घरात नकोत असं कोण म्हणालं होतं? तीच. वहीत तारखेनिशी लिहिलेलं होतं.

झालं, भिंगबाई कामाला लागल्या. कारखान्यात तपासलेल्या गठ्ठ्याला त्या स्वतःची गाठ मारायच्या, तीन वेढे आणि शेवटचा उलटा, म्हणजे मागून कुणी हात घातला तर कळावं. तसाच पांढरा धागा त्यांनी पिंजऱ्याच्या कडीला बांधला. सकाळ-संध्याकाळ नात पिंजरा उघडायची ती त्यांच्या डोळ्यांदेखत. दुपारी सून जेवायला घरी यायची, तेव्हा भिंगबाईंचा डोळा लागलेला असायचा.

बुधवारी धागा जागेवर होता, पण वेढे दोनच. गुरुवारीही तेच. शुक्रवारी सकाळी पांढऱ्याचा कान फाटलेला. कुठंतरी पाणी मुरतंय याबद्दल आता त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. रविवारी मुलगा आला की वही त्याच्यापुढे टाकायची आणि सांगायचं, तुझी बायको मुक्या जिवांना टोचते. पुढे काय होईल तेही त्यांनी मनाशी पाहून ठेवलं होतं. सून माहेरी जाईल, घर शांत होईल. याचं त्यांना म्हणावं तितकं वाईट वाटत नव्हतं, हेही सांगायलाच हवं.

शनिवारी दुपारी त्या डोळे मिटून जाग्याच राहिल्या आणि कडी वाजताच उठल्या. सून जमिनीवर मांडी घालून बसली होती. पांढरा टॉवेलात गुंडाळलेला, शेजारी कोमट मिठाच्या पाण्याची वाटी, कापूस आणि तीच कात्री.

"सापडलीस," भिंगबाई म्हणाल्या.

"हळू बोला आई, तो बिचकतो," सून मागे न बघता म्हणाली.

ती जखमेभोवतीचे केस कापत होती. मंगळवारपासून रोज जखम धुत होती. आधी तिला वाटलं होतं, पिंजऱ्याची तार लागली असेल. पण कान फाटला तशी काल ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. ते म्हणाले, या दातांच्या खुणा आहेत. नर मोठे झाले की जागेवरून भांडतात, मध्ये हात घालू नका, पुठ्ठा घाला. जखमेत पू होतोय का ते बघत राहा. मध्ये जाळी लावा आणि लपायला खोक्यांची घरं, वाडगे, सगळं दोन-दोन ठेवा. जाळी ती आज येताना घेऊनच आली होती.

"पण घरं दोन होती ना, आई? दुसरं खोकं गेलं कुठं?"

भिंगबाईंनी वही उघडली. मागच्या रविवारची नोंद त्यांच्याच अक्षरात होती: 'जादा खोकं काढलं. त्याच्या आड काय चालतं ते दिसत नाही.' आणि लगेच खाली, सोमवार: 'पहिली जखम.' दोन ओळींत बोटभरही अंतर नव्हतं.

"तो धागा," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुला दिसला होता?"

"पहिल्याच दिवशी."

"मग परत कशाला बांधलास?"

"सुटलेला बघून तुम्ही दुपारभर जागत बसला असता. तुमच्यासारखी गाठ काही जमली नाही."

भिंगबाई गॅलरीत गेल्या आणि पोछ्यामागून खोकं काढून आणलं. कुणी कोंडला जाऊ नये म्हणून त्याला मागून दुसरं दार कापायला त्यांनी सुनेकडे कात्री मागितली. तिनं ती लगेच दिली. हे त्यांना जास्तच लागलं.

रविवारी मुलगा आला. जाळीच्या अल्याड-पल्याड दोघे भाऊ पाला खात होते. भिंगबाईंनी सुनेला समोर बसवलं, वही उघडली आणि आठवडाभर काय काय लिहिलं ते एकही शब्द न गाळता मोठ्यानं वाचलं. सुनेबद्दलचंही. मुलगा खाली मान घालून ऐकत राहिला. वाचून झाल्यावर त्यांनी डब्यातला जुना खडू काढला आणि आपल्याच पानावर फुली मारली. मग वही सुनेच्या हातात देऊन टाकली.