सोफ्यावरून दिसणारी शर्यत

कर्वेनगरला आमच्या वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहतात. हिंजवडीच्या एका कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहेत आणि रविवारी टीव्हीवर मोटारींची शर्यत असली की आम्हा शेजाऱ्यांना बघायला बोलावतात. बघायला म्हणजे त्यांचं ऐकायला. ड्रायव्हरने ब्रेक कुठे मारायचा, टायर कधी बदलायचे, हे त्यांना सोफ्यावरून स्वच्छ दिसतं. वाक्याची सुरुवात 'बेसिकली'ने होते आणि शेवट आमच्या अज्ञानावर.

त्या रविवारी तिकडे शर्यतीत पाऊस होता आणि इकडे पुण्यातही. गाड्या वरातीसारख्या एकामागे एक चालल्या होत्या.

"बेसिकली, भित्रे आहेत सगळे. खरा ड्रायव्हर पावसातच कळतो," असं ते म्हणाले आणि चित्र गेलं. गच्चीवरची डिश वाऱ्याने हलली होती.

त्यांनी नुसतं बायकोकडे पाहिलं. वहिनी छत्री घेऊन सवयीने वर गेल्या. हे खिडकीतून ओरडत राहिले, "डावीकडे! अगं, जरा आणखी!"

चित्र परत आलं तेव्हा पावसामुळे शर्यतच थांबवलेली होती.

"एवढ्याशा पावसाला घाबरले!" ते कडाडले.

वहिनी दारात निथळत उभ्या होत्या. "अहो, गच्चीचं दार उघडंच राहिलं. जरा लावून येता?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"थांब गं, कमी होऊ दे. बेसिकली, जिना निसरडा झाला असेल."