नेव्हिलचा मांडव

माझी बहीण ग्लेनिस हिने घरात कुणाचंही न ऐकता पसंत केलेला नवरा म्हणजे नेव्हिल. जन्मभर त्याने ऑस्ट्रेलियातल्या डबो गावात शाळेची बस चालवली. निवृत्त होऊनही तो माणसांकडे, अजून जागेवर न बसलेली पोरं म्हणूनच बघतो. नाताळ सरला की, ऐन उन्हाळ्यात, आम्ही सगळे समुद्रकाठच्या त्याच कॅरॅव्हन पार्कात, त्याच झाडाखाली जाऊन उतरतो. तसे रोजच वाळूत लोळत असतो, पण सुट्टीतला एक दिवस नेव्हिलने आखलेला असतो. त्या दिवशी मजा करायची ती त्याने ठरवलेल्या क्रमाने. आधी पोहणं, मग कलिंगड, मग क्रिकेट, मग सॉसेज. क्रम मोडला की तो दिवसभर घुम्यासारखा बसतो.

यंदा मात्र त्याला वेगळीच धास्ती होती. नाताळच्या जेवणात कोलंबी सोलता सोलता त्याची लेक नरेल सहज म्हणाली होती, की पुढच्या वर्षी ती पोरांना घेऊन बालीला जाणार. हॉटेल, पोहायचा तलाव, आणि दाताखाली वाळू नाही.  हातातली कोलंबी नेव्हिल सोलतच राहिला, शेवटी खायला काही उरलंच नाही.

"असा दिवस करून दाखवतो की ती बालीचं नाव काढणार नाही," असं तो नंतर मला म्हणाला. मी मान हलवली. त्याच्याशी वाद घालायचं मी केव्हाच सोडलंय.

ठरल्या दिवशी उजाडायच्या आत स्वारी निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा कापडी मांडव घेऊन किनाऱ्यावर हजर. पहाटे मांडव ठोकून जागा अडवणाऱ्यांना आमच्याकडे लोक मनसोक्त शिव्या देतात, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः तेच करतात. पोहायची सुरक्षित जागा दाखवणारे जीवरक्षकांचे लाल-पिवळे झेंडे आठवडाभर पायऱ्यांसमोरच लागत होते, म्हणून त्याने तिथेच मांडव उभा केला, चारही खांबांच्या पिशव्यांत वाळू भरून दोऱ्या ताणल्या आणि विजयी चेहऱ्याने आम्हाला उठवायला आला.

आम्ही पोचलो तेव्हा जीवरक्षक झेंडे खांद्यावर घेऊन निघाले होते. ते मांडवासमोर थांबले, पाण्याकडे बघितलं आणि पुढे चालू लागले. रात्रीत पाण्याखालची वाळू सरकली होती आणि आमच्यासमोरचं पाणी आता माणसाला आत ओढणारं झालं होतं. नेव्हिल बघत उभा राहिला. झेंडे लहान लहान होत गेले आणि पार खडकांपाशी जाऊन रोवले गेले.

आता पोहायचं तर झेंड्यांच्या मधेच. त्याबाबत नेव्हिल इतर कुणापेक्षाही कडक. पण मांडवही सोडवेना. त्यामुळे नरेलची दोन्ही पोरं, बॉनी आणि टेड, नाकाला उन्हाचं पांढरं मलम फासून समुद्राकडे तोंड करून नुसती बसली, पानावर बसवून वाढायला विसरल्यासारखी.

नेव्हिल तरातरा झेंड्यांपाशी गेला. मी मागोमाग, करमणूक म्हणून. तिथल्या जीवरक्षक पोरीला त्याने पायऱ्या, स्वच्छतागृह, सावली, सगळ्या सोयी समजावून सांगितल्या. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"झेंडे मी मांडव बघून लावत नाही," ती म्हणाली, "पाणी बघून लावते."

परत येऊन त्याने जाहीर केलं की भरती आली की झेंडे इकडेच येणार. भरती आली, झेंडे आले नाहीत. कलिंगडाचा नंबर अलीकडे आणला, तेही संपलं. टेड रडायला लागला. तेव्हा नरेल उठली, मांडवाच्या पिशव्यांतली वाळू ओतून टाकली आणि एक खांब धरला.

"डॅड, उचल."

एका खांबाला ती, एकाला ग्लेनिस, एकाला मी, चौथ्याला बॉनी आणि टेड मिळून. नेव्हिल बर्फाची पेटी छातीशी धरून पुढे, डावीकडे घ्या, उजवीकडे घ्या असं ओरडत. लोकांनी वाट करून दिली. एका म्हाताऱ्याने अंत्ययात्रेला काढावी तशी टोपी काढली. नरेलला इतकं हसू आलं की तिचा कोपरा सारखा खाली जात होता. नेव्हिलला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

झेंड्यांपाशी मांडव टेकवला, पोरं पाण्याकडे पळाली. नेव्हिल पहिली पिशवी भरायला वाकतोय तोच दक्षिणेचा वारा सुटला. मांडव उचलला गेला, दोन कोलांट्या मारून वाळूच्या टेकाडापलीकडे दिसेनासा झाला. नेव्हिल मागे धावणार, तेवढ्यात नरेलने त्याचा दंड धरला.

"जाऊ दे. पाण्यात चल."

"सामानाजवळ कोण बसणार?"

"आई बसेल. मला आठवतंय तेव्हापासून तू सावलीत बसून हात हलवतोयस, डॅड. एकदा तरी आत ये ना."

खरंच होतं. नरेलला पोहायला शिकवलं ते ग्लेनिसने. हा टॉवेलांची राखण करत बसायचा आणि ती वळून बघेल तेव्हा न चुकता हात हलवायचा. आमच्यापैकी कुणाला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं. 

तो सदऱ्या-टोपीसकट आत शिरला, मीही मागोमाग. पहिल्याच लाटेने टोपी नेली, दुसरीने त्याला बसवलं. वर आला तो ठसकत, आणि हसत. माझ्या बहिणीच्या लग्नानंतर त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"इतकी वर्षं का नाही आलास?" नरेलने विचारलं.

"चोरी झाली असती."

"आपला टॉवेलसुद्धा कधी गेला नाही!"

"का गेला नाही, ते बघ ना."

तिने चेहऱ्यावरचं पाणी निपटलं. मग म्हणाली, "बरं, बाली रद्द. पुढच्या वर्षी इथेच येऊ. पण मांडव नाही आणि पहाटे उठणं नाही."

मी नेव्हिलकडे पाहिलं. जे हवं होतं ते सगळं पदरात पडलं होतं. तो मात्र मांडव गेला त्या दिशेला बघत होता.

"बर्फाची पेटी?" त्याने विचारलं.

"ती आई सांभाळेल. तू पाण्यात."

"विचार करून सांगतो," नेव्हिल म्हणाला, आणि येणाऱ्या लाटेत त्याने डोकं खुपसलं.