एका छापाच्या आठ साड्या

सुरतेला आलो तर खरेदी कुठे करायची, असं मला गावाकडचे अजून विचारतात. मी सांगते, बाबांनो, कुठेही करा, फक्त मला सोबत नेऊ नका. राग येतो त्यांना. येऊ दे.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही सुरतेच्या गोडादऱ्यात राहायचो. आमचे हे लूमच्या कारखान्यात, आणि मी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवायचे. मोठी नणंद मुलीच्या लग्नाचा बस्ता घ्यायला खानदेशातून आली. चहाची कपबशी खाली ठेवायच्या आत म्हणाली, "चल, तुझं ते स्वस्तातलं दुकान दाखव."

मी म्हटलं, "अक्का, रिंग रोडचं मार्केट व्यापाऱ्यांचं. तिथे सुटी साडी देत नाहीत. आपण चौटा बाजारात जाऊ, एकेक निवडून घेऊ."

"तिथे तर सगळं जग जातं! रात्रंदिवस साड्यांत बसतेस, आणि मला परक्यासारखा बाजार दाखवतेस? ते दुकान माहेरच्यांसाठी राखून ठेवलंय वाटतं!"

तेव्हाच भांडायला हवं होतं. नाही भांडले. नेलं मार्केटात.

तिसऱ्या मजल्यावर गादीवर बसलेला व्यापारी मान वर न करता म्हणाला, "बेन, छूटक नथी. सेट लेवो पडशे." सेट म्हणजे एकाच छापाच्या आठ साड्या, रंग तेवढे वेगळे. नणंद हरखली. मी तिला कोपराने ढोसलं. "अक्का, विहीणबाईंना आणि पाणी भरणारीला एकच साडी देणार का? मानाची साडी मानासारखी दिसायला हवी."

"तुझ्यानं माझं चांगलं बघवत नाही वं!" त्या परक्या माणसासमोर म्हणाली आणि सेट बांधायला सांगितला. व्यापारी हसला. ते हसू मी विसरले नाही.

घरी आल्यावर तिने गठ्ठ्यातली पिवळी साडी काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "ही मामाकडची म्हणून तू दे. तुमच्याकडून काय येणार, माहीत आहे मला."

आता बघा, मामाकडची पिवळी साडी नेसून नवरी लग्नाला उभी राहते. ती मामा-मामीनेच आणायची असते, तेवढा एकच मान आमचा. मी ती चार दुकानं पालथी घालून आधीच आणली होती. पेटी उघडून दाखवली. नणंदेने पदर दोन बोटांत चुरगळला. "बरी आहे. पण माझी मुलगी मी घेतलेलीच नेसेल." स्वतःची पिवळी उचलून परत गठ्ठ्यात कोंबली आणि दुसऱ्या दिवशी गाडीत बसली.

लग्नाला मी माझी साडी पिशवीत घालून गेले. भाची तिच्या आईच्या पिवळीत उभी होती. अक्षता पडल्या, आहेर वाटायला घेतले. विहीणबाईंच्या हातात हिरवी, त्यांच्या जावेच्या हातात निळी, पाणी भरणारीच्या हातात जांभळी. फूल तेच, काठ तोच. विहीणबाईंनी साडी ताटात टाकली. "आम्ही काय बँडवाले, सगळ्यांनी एक गणवेश घालायला?" आणि मांडवाबाहेर जाऊन बसल्या.

नणंद धावत माझ्याकडे आली. "वहिनी, तुझ्याकडची ती पिवळी दे गं. विहीणबाईंना देऊन टाकते." उभ्या जन्मात पहिल्यांदा मला वहिनी म्हणाली.

"ती नवरीची आहे."

"अगं, नवरी नेसलीय ना एक!"

मी उठले, सगळ्यांच्या देखत भाचीपाशी गेले आणि साडी तिच्या ओटीत घातली. "मामाकडची," म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

विहीणबाई न जेवता गेल्या. भाचीला सासरी त्यावरून पुष्कळ ऐकावं लागलं, त्याचं मला वाईट वाटतं. नणंदेचं वाटत नाही. तिने माझ्याशी बोलणं टाकलं, मीही तिला परत बोलावलं नाही.